दुमडीतला हिरवा दोरा

लाँड्रीतले कोट सगळे सारखे असतात. फिकट निळे, पुढं तीन बटणं, दोन मोठे खिसे, आणि पाठीवर कंपनीचं नाव एवढ्या मोठ्या अक्षरांत की जणू आपण कुठं कामाला आहोत ते आम्हीच विसरून जाऊ. मापं दोनच, एक लहान आणि एक त्याहून मोठं. मधल्या अंगाच्या बाईनं काय करायचं हे कंपनीनं आजवर सांगितलेलं नाही.

हे कोट एकत्र धुतले जातात आणि परत आले की जिला जो हाती लागेल तो तिचा. मला ते कधी पटलं नाही. दुसरीच्या घामाचा कोट, भले धुतलेला का असेना, माझ्या अंगाला खाजतो. म्हणून कामाला लागल्यावर लगेचच मी माझ्या कोटाच्या खालच्या दुमडीत, आतल्या बाजूनं, लाल दोऱ्याची एक मासोळी शिवली. बाहेरून काही दिसत नाही, दुमड उलटली तरच दिसते. माझं बघून आमच्या वरच्या वस्तीतल्या सगळ्याच जणींनी आपापली खूण घातली. बोळकीची पिवळी चांदणी आहे. मिरचीनं अर्थातच मिरची काढलीय. माझी भाची भिंगरी, जी मला मावशी म्हणते म्हणून आधी वस्ती आणि मग सगळी लाँड्रीच मला मावशी म्हणायला लागली, तिनं काय काढलंय ते तिचं तिलाच माहीत. ती म्हणते कोंबडा आहे.

शिट्टीची खूण म्हणजे हिरव्या दोऱ्याची शिडी. तिची मधली पायरी तिरकी होती. मी म्हटलं, उसव आणि नीट घाल. तर म्हणाली, "राहू दे मावशी, माझं सगळं तिरकंच असतं." चादरींच्या घड्या घालताना ती सारखी शिट्टी वाजवायची, म्हणून ती शिट्टी. सुपरवायझर बाई वैतागायच्या. ती नाहीशी झाल्यावर मात्र त्यांनीच एकदा म्हटलं की किती शांत शांत वाटतंय. चांगल्या अर्थानं म्हटलं असेल असं मी धरून चालते.

आम्हाला शहरातली माणसं तोंडावर आदिवासी म्हणतात. पाठीमागं काय म्हणतात तेही ऐकू येतं, कान आम्हालाही आहेत. कंपनीची गाडी आम्हाला सकाळी घ्यायला येते आणि ऊन उतरायच्या आत सोडते. थांबे ठरलेले. आधी बोळकी आणि मिरची उतरतात, मग मी आणि शिट्टीची थोरली बहीण अक्का, मग आणखी दोघी, आणि सगळ्यात शेवटी, फाट्याच्या पुढं, बंद पडलेल्या दगडाच्या खाणीला वळसा घालून, शिट्टीचं घर. म्हणजे शेवटचा रस्ता ती आणि ड्रायव्हर, दोघंच.

थंडी सुरू झाली त्या सुमारास एका संध्याकाळी शिट्टी घरी पोचली नाही. ड्रायव्हरनं सांगितलं, पुढं रस्ता खराब होता म्हणून तिला फाट्यावर सोडलं, ती चालत गेली. त्याला आम्ही सगळ्या दादा म्हणायचो. गोड माणूस. पोरांना गोळ्या द्यायचा, म्हाताऱ्यांना हात धरून गाडीत चढवायचा. शोधायला तोही आमच्याबरोबर हिंडला. शिट्टीच्या आईच्या ओट्यावर बसून चहा प्यायला आणि म्हणाला, काळजी करू नका, सापडेल.

 अक्काला घेऊन मी पोलीस ठाण्यात गेले होते. खुर्चीतल्या माणसानं मान वर न करता सांगितलं, "येईल परत. तुमच्यातल्या बायकांचं असंच असतं. गेली असेल कुणाबरोबर तरी."

"दोन लेकरं घरी टाकून?" अक्कानं विचारलं.

"टाकूनच जातात," तो म्हणाला.

अक्का उठून बाहेर आली. त्या दिवसापासून ती कामापुरतं बोलते. आणि शिट्टीच्या जागेवर कामाला लागली भिंगरी, तिचं घर शिट्टीच्या घराला लागून. म्हणजे गाडीत शेवटपर्यंत बसणारी आता ती. माझ्या बहिणीची एकुलती एक पोर, आई गेल्यापासून माझ्याच जिवावर वाढलेली. मला ते आवडत नव्हतं, पण का आवडत नव्हतं हे मला कुणाला नीट सांगता आलं नसतं. माणूस चांगला होता ना.

मग एके दिवशी दुपारी मी कपडे निवडायच्या टेबलावर होते. हॉटेलांच्या चादरी एकीकडं, दवाखान्याच्या एकीकडं, खिसे तपासायचे, डाग बघायचे. शेजारी आमच्या कोटांचा ढीग धुवायला पडला होता. तेवढ्यात दादा पोतं घेऊन आला. मालक गाडी विकणार होते, म्हणून आतून-बाहेरून साफ करायला सांगितलं होतं. सीटची कव्हरं, पुसायची फडकी, मागच्या डिकीतलं काय काय, सगळं त्यानं टेबलावर ओतलं.

"मावशी, हे जरा कडक गरम पाण्यात टाका. वास मारतंय."

"टाकते की. तुम्ही जा, चहा घ्या."

"नाही, थांबतो. काम काय आहे मला."

मी कव्हरं उलगडायला लागले. त्यांच्या आत एक कोट गुंडाळलेला होता. आमचाच, निळा. वरचं बटण कापडासकट तुटलेलं. गळ्यामागं आणि पाठीवर तपकिरी, कडक झालेला मोठा डाग. असले डाग मी दवाखान्याच्या चादरींवर रोज बघते, त्याला नाव द्यायची गरज नव्हती. हात सवयीनं खिशात गेला. खिसा रिकामा. मग हात सवयीनंच खाली गेला आणि दुमड उलटली गेली.

हिरवी शिडी. मधली पायरी तिरकी.

मी टेबलाला टेकले.  दादा दाराच्या चौकटीला टेकून उभा होता आणि माझ्याकडं बघत होता. दुमडीकडं नाही, माझ्या चेहऱ्याकडं. खुणांचं त्याला काही माहीत नव्हतं. त्याच्या लेखी तो एक निळा कोट होता आणि इथं तसले कोट ढिगानं पडलेले होते. धुतला की पाण्यात मीठ विरघळावं तसा तो त्या ढिगात विरघळून जाणार होता. त्याला जाळण्यापेक्षा, पुरण्यापेक्षा हे सोपं वाटलं असणार. कशाला धूर करा, कशाला खड्डा खणा, लाँड्रीतल्या बायका आहेतच धुवायला.

"काय झालं मावशी?"

"कंबर," मी म्हटलं. "वाकले की धरते."

"तो कोट डिकीत होता. कुणीतरी विसरलं असेल. मी त्यानं गाडीचं ऑइल पुसलं, म्हणून डाग पडलेत."

"निघतील," मी म्हणाले. माझा आवाज मला लांबून आल्यासारखा वाटला.

त्याला तो कोट मशीनमध्ये गेलेला बघायचा होता, म्हणूनच तो थांबला होता. मशीन सुरू झालं की डाग गेला, आणि डाग गेला की शिट्टी गेली, कायमची, 'कुणाबरोबर तरी'. पण मी काही वेगळं केलं तर? दाराशी तो, आत मी, इस्त्रीच्या रोलरचा एवढा आवाज की हाक मारली तरी कुणाला ऐकू गेली नसती. आणि तासाभरात याच माणसाच्या गाडीत भिंगरी बसणार होती.

मी कव्हरं दोन्ही हातांत उचलली आणि आमच्या कोटांच्या ढिगावर आपटली. मोठा कंटाळा आल्यासारखं केलं. मग कव्हरांसोबत ढिगातला एक कोट ओढून घेतला, आणि शिट्टीचा तिथंच खाली सरकवला. कुणाचा कोट हाती आला ते बघितलंही नाही. सगळं मशीनमध्ये कोंबलं, दार लावलं, पाणी कडक गरम केलं, बटण दाबलं.

दादा जवळ आला. गोल काचेपुढं वाकून बघत राहिला. आत कव्हरं फिरत होती आणि मधूनच एक निळी बाही काचेला चिकटून जात होती. ती बाही तीनचारदा गेली तेव्हा तो सरळ झाला.

"गरमागरम," म्हणाला, आणि माझ्या खांद्यावर थोपटून गेला.

त्यानं थोपटलेल्या जागी मला रात्रीपर्यंत काहीतरी चिकटलंय असं वाटत राहिलं.

आता तो कोट बाहेर कसा न्यायचा? फाटकावर पिशव्या तपासतात. आम्ही टॉवेल चोरू अशी कंपनीला फार भीती. पण थंडीच्या दिवसांत अंगात कोट घालून घरी जायला परवानगी आहे. मी न्हाणीघरात गेले, कडी लावली आणि शिट्टीचा कोट अंगात घातला. वरून माझा. डाग माझ्या मानेला लागला. मला ओरडावंसं वाटलं, मी नळ सोडला आणि त्याच्या आवाजात जरा रडून घेतलं. मग तोंड धुतलं.

बाहेर आले तर सुपरवायझर बाई उभ्या. "मावशी, दवाखान्याचा जास्तीचा माल आलाय. तू थांब आज, दुसऱ्या फेरीनं जा."

"बाई, मला थंडी वाजून ताप येतोय. चादरींवर ओकले तर परत धुवाव्या लागतील."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. घाम, पांढरा चेहरा. एरवी मला सोंग करता येत नाही, त्या दिवशी गरजच पडली नाही. "जा बाई जा," त्या म्हणाल्या आणि दोन पावलं मागं सरकल्या.

फाटकातून कशी निघाले ते आठवत नाही. गाडी उभी होती, इंजिन चालू. भिंगरी पुढच्या सीटवर बसलेली. हल्ली तो तिला पुढंच बसवायचा. मागं वारा लागतो म्हणायचा.

"भिंगरे, मागं ये माझ्याजवळ," मी म्हटलं.

"राहू द्या हो मावशी," दादा म्हणाला. "तुम्हाला ताप आहे म्हणे. पोरीला कशाला लावता?"

ताप मी बाईंना सांगून दहा मिनिटंही झाली नव्हती. आणि ते याच्यापर्यंत पोचलंही होतं.

गाडी निघाली. दादा आरशातून मागं बघायचा, नेहमीच बघायचा, पण आज मला वाटलं की तो आरसा फक्त माझ्यासाठी लावलाय. समोर भिंगरीची वेणी हलत होती. शहर संपलं, पेट्रोलपंप मागं पडला. पुढच्या वळणानंतर फोन लागत नाहीत. आणि फोन तरी कुणाला करायचा होता? ठाण्यातल्या त्या खुर्चीतल्या माणसाला?

आमची बोली त्याला येत नाही. पूर्वी एकदा तो म्हणाला होता, सगळ्यांना कळेल असं बोला की, तेव्हापासून आम्ही गाडीत बोली कमीच बोलायचो. पण बायका हसून गावगप्पा मारायला लागल्या की तो लक्ष देत नसे. मी तोंडावर हसू आणलं आणि शेजारणीची उणीदुणी काढावीत तशा आवाजात, आमच्या बोलीत सुरुवात केली.

"आता मी जे सांगते ते ऐकून सगळ्यांनी हसायचं. मोठ्यानं. कुणी रडलं, कुणी ओरडलं तर आपण कुणीच घरी जाणार नाही."

बोळकी लगेच हसली. तिला वाटलं मी गंमतच करतेय. तिला समोरचे दात नाहीत, हसली की बघणाऱ्यालाही हसू येतं. मिरचीही हसली.

"हसत राहा. मी आत शिट्टीचा कोट घातलाय. हिरवी शिडी आहे, मी पाहिली. रक्तानं भरलाय. आज याच माणसानं तो धुवायला आणला, गाडीच्या डिकीतून. हसा गं, तो बघतोय."

कुणीच हसलं नाही. बोळकीचं तोंड उघडंच राहिलं. आरशात दादाचे डोळे आले आणि थांबले. मला वाटलं संपलं. माझ्या शेजारी अक्का बसली होती, हात मांडीवर, ठाण्यातून आल्यापासून बसते तशी. तिच्याकडं बघायचं धाडस मला होईना.

आणि अक्का हसली. आधी नुसता घशातून आवाज आला, मग ती खदखदून हसायला लागली. पोट धरून, माझ्या खांद्यावर डोकं आपटून हसायला लागली. तिचं सगळं अंग हलत होतं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि हसणारी माणसं पुसतात तसं ती ते तळहातानं पुसत होती. तिचं बघून बाकीच्या हसल्या. गाडीभर हसू झालं. इतकं भयानक काही मी आयुष्यात ऐकलेलं नाही.

"एवढा काय जोक झाला?" दादानं विचारलं. "आम्हालाही सांगा की."

"बायकांचं असतं काहीतरी," मी शहरी भाषेत म्हटलं. "तुमच्यासमोर सांगायसारखं नाही."

तो खूश झाला. मग भिंगरीकडं वळला. "तू गं का नाही हसत?"

भिंगरीनं सगळं ऐकलं होतं. तिचा डावा हात दाराच्या दांडीवर होता, बोटांची पेरं पांढरी पडली होती.  

"मलाच हसतायत त्या," ती फुरंगटून म्हणाली. "मला बघायला पाहुणे येणारेत आज. मी कशाला हसू?"

बहिणीची पोर आहे माझ्या. बहीणही अशीच होती, वेळेला बरोबर बोलायची.

मी तो धागा तसाच धरला. बोलीत, हसत हसत, सगळ्यांना सांगितलं की आज कुणीही आपल्या थांब्यावर उतरायचं नाही, सगळ्यांनी भिंगरीच्या दारापर्यंत जायचं. मग मोठ्यानं म्हणाले, "दादा, आज आम्ही सगळ्याच शेवटपर्यंत. पाहुण्यांसमोर घरात चार बायका दिसल्या पाहिजेत ना."

बोळकीचा थांबा आला. कुणी उठलं नाही. त्यानं गाडी उभी केली, हँडब्रेक ओढला आणि पूर्ण मागं वळून बसला. एकेकीकडं बघत बघत त्याची नजर माझ्यापाशी आली. माझ्या हातांपाशी.

"मावशी," तो हळू म्हणाला. "दोन दोन कोट?"

वरच्या बाहीतून आतली बाही बाहेर आली होती. शिट्टीचे हात माझ्याहून लांब होते, म्हणून तिचा कोट मोठा. हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.   अक्कानं माझा गुडघा धरला होता, तो आणखी घट्ट धरला. बाहेरून एक ट्रक गेला.

मग तो हसला. अगदी मनापासून हसला.

"ढापला होय कंपनीचा? ताप आला म्हणे. तरी म्हटलं मावशींना अचानक ताप कसा आला." त्यानं मान हलवली. "सवयच असते बाबा तुम्हा लोकांना. असू दे. मी नाही कुणाला सांगणार. सगळे सारखेच तर असतात, कुणाला कळतंय?"

"उपकार झाले, दादा," मी म्हटलं.

हे शब्द मी बोलले. त्या माणसाला, तो कोट अंगात असताना. ते बोलल्याबद्दल मला पश्चात्ताप नाही, पण जेवताना कधीकधी ते तोंडात परत येतात आणि मग मला पुढचा घास जात नाही.

गाडी पुढं निघाली. आता तो शीळ घालत होता. चोरीच्या कोटामुळं आमचं दोघांचं एक गुपित झालं होतं ना, त्याला बरं वाटत होतं. मी मात्र खिडकीतून रस्ता मोजत होते. माझं घर गेलं. अक्काचं घर गेलं, तिची म्हैस दारात उभी दिसली. मग फाटा आला, आणि उजवीकडं खाणीकडं जाणारी ती कच्ची वाट. त्यानं गाडी बरोबर तिथंच थांबवली.

"पुढं रस्ता खराब आहे. एवढं वजन घेऊन जायला नको. तुम्ही सगळ्या इथून चालत या. भिंगरी, तू बस. तुला आवरायचं असेल ना, पाहुणे यायच्या आत पोचवतो."

पुढं रस्ता खराब आहे. शिट्टीबद्दल त्यानं हेच सांगितलं होतं.

मी उठायच्या आत भिंगरीनं दार उघडलं आणि खाली उडी मारली. "गाडीतून उतरताना पाहुण्यांनी बघितलं तर म्हणतील पोरगी शहाणी दिसत नाही. चालतच जाते." तिनं दार इतक्या जोरात लावलं की काच हलली.

आम्ही सगळ्या भराभर उतरलो. तो बसून राहिला. गाडी वळवेना, पुढंही घेईना. इंजिन नुसतं घरघरत होतं.

"पळायचं नाही," मी बोलीत म्हटलं. "मागं बघायचं नाही. हात धरा एकमेकींचे आणि हसत चला."

खाणीवरून जाणारा रस्त्याचा तो तुकडा फार मोठा नाही, पण त्या दिवशी तो संपता संपेना. पाठीमागून इंजिनाचा आवाज येत होता. तो वाढला की आमची पावलं अडखळायची, कमी झाला की आणखीनच भीती वाटायची. मिरची, जी आयुष्यात कुणाला भ्यायली नाही, तोंडातल्या तोंडात आईला हाका मारत होती. खाणीच्या काठावर पोचलो तेव्हा अक्का थांबली. खाली साचलेलं हिरवट पाणी दिसत होतं. ती नुसती बघत राहिली. मी तिला ओढलं. ती ओढली गेली, पण मान मागंच वळलेली होती.

मग आवाज हळूहळू लांब गेला. गाडी वळली होती.

भिंगरीच्या घरात दार लावून मी कोट काढला. अक्कानं तो जमिनीवर पसरला, डागाकडं पाहिलं नाही, सरळ दुमड उलटली आणि त्या तिरक्या पायरीवरून बोट फिरवलं. पुन्हा पुन्हा फिरवलं. भिंगरी कोपऱ्यात बसून थरथरत होती, आता कुठं तिला थरथरायला फुरसत मिळाली होती. मी तिला पोटाशी धरलं.

आमच्या ठाण्यात जायचं नाही हे कुणी बोलूनही दाखवलं नाही. डोंगराच्या पलीकडं जिल्ह्याचं गाव आहे, तिथं पोलिसांत एक बाई अधिकारी आलीय असं ऐकलं होतं. कशी आहे माहीत नव्हतं. पण बाई होती, आणि आमच्या ठाण्यातल्या खुर्चीत बसलेली नव्हती, एवढंच.

सकाळी उजाडल्याबरोबर निघालो. सगळ्या जणी, अंगात आपापले कोट. अर्ध्या चढावर होतो तेव्हा खालून हॉर्न ऐकू आला. गाडी थांब्यावर आली होती. त्यानं एकदा वाजवला, थांबला, परत वाजवला. मग बराच वेळ दाबून धरला. खाली कुणीच नव्हतं. त्याला आता कळलं असणार. हॉर्न थांबला तेव्हा आम्ही न सांगता सगळ्या पळायला लागलो, बोळकीसुद्धा.

अधिकारी बाई थकलेल्या दिसत होत्या. त्यांनी ऐकून घेतलं, सगळं, मधे न बोलता. मग कोटाकडं बघून म्हणाल्या, "तुमच्या सगळ्यांच्याच अंगात असे कोट आहेत. हा तिचाच, हे मी कोर्टात कसं सांगू?"

आम्ही एकमेकींकडं पाहिलं. मग मी माझ्या कोटाची दुमड उलटली. शेजारी बोळकीनं उलटली. मिरचीनं, भिंगरीनं, एकेक करत सगळ्यांनी. मासोळी, चांदणी, मिरची, कोंबडा. शेवटी अक्कानं आपली उलटली. तिचीही हिरवी शिडीच होती, मधली पायरी सरळ. धाकटीनं तिचंच बघून काढली होती, हे मला तेव्हा कळलं.

बाईंनी हातमोजे घातले, कोट कागदी पिशवीत ठेवला आणि फोन उचलला. खाणीचं नाव मी त्यांना दोनदा सांगितलं. गाडीचा नंबर मिरचीला पाठ होता.

मग त्यांनी एकेकीला समोर बसवून विचारायला सुरुवात केली. अक्काची पाळी आली तेव्हा मी तिच्या खुर्चीमागं उभी होते.

"बहीण आता नाही, हे तुम्हाला कधी कळलं?" बाईंनी विचारलं.

"गाडीत," अक्का म्हणाली. "मी तेव्हा हसत होते."

बाईंचं पेन थांबलं. अक्का त्या कागदी पिशवीकडं बघत होती.